दुपारचा पान्हा

१

सकाळची धार झाली की मी हात धुतो, किल्ली घेतो आणि गाडीला एकदा सेल्फ मारतो. चहा उकळेपर्यंत इंजिन चालू ठेवतो, मग बंद करतो. गाडी कुठं न्यायची नसते. ती चालू होते, एवढंच बघायचं असतं.

गाडी मुलानं आणली. उदयसिंह कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातो. त्याची बायको तेजस्वी, माहेर मलकापूरचं. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. हलायचं थांबलं ते भर दुपारी. मी आमच्या उत्तरेश्वर पेठेत या टोकापासून त्या टोकापर्यंत रिक्षा शोधत फिरलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. वर्षभरानं ती पुन्हा गरोदर राहिली आणि उदयसिंहनं पेठ वडगावातून ही जुनी गाडी घेतली. मी जन्मभर दुधाची जीप चालवली आहे. या खेपेला रिक्षा शोधायची नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे ठरलं.

गाडी घरामागं पत्र्याखाली उभी असते. शेजारी गोठा. मधे कमरेएवढी भिंत.

सातवा महिना होता. तेजस्वीला दुपारी तपासायला न्यायचं होतं. सकाळी एका किल्लीत चालू झालेली गाडी दुपारी नुसती टक् म्हणाली. पुन्हा फिरवली. तेही नाही. तेजस्वी पिशवी मांडीवर घेऊन आत बसली होती. तिनं नुसतं दाराच्या हँडलला धरलं.

गल्लीतल्या चौघांनी ढकलून गाडी चालू करून दिली. मला ते आवडलं नाही. मी कुणाकडून काही ढकलून घेत नाही.

२

पिराजी गाड्यांची वायरिंग करतो. लक्ष्मीपुरीत त्याचं दुकान आहे. तो मीटर घेऊन आला.

"डिकीचा दिवा राहिला असंल, आबा."

"राहिला नव्हता."

"मग रेडिओ?"

"मी गाडीत बसून गाणी ऐकणाऱ्यातला वाटतोय व्हय तुला?"

तो हसला. बॅटरी जुनी आहे म्हणाला, नवी बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवी उतरली. मग त्यानं सगळं बंद करून वायरीला मीटर लावला. बराच वेळ काटा बघत बसला.

"करंट कुठं जातच न्हाय की हो."

"मग उतरती कशी?"

"तेच म्हणतोय." त्यानं डोकं खाजवलं. "एक करा. सकाळी चालू करून झाली की वायर सोडून ठेवा. बॅटरी मोकळी. मग कुठं जातीय बघू."

मी वायर सोडून ठेवली. जेवायच्या वेळी येऊन बघितली, बॅटरी भरलेली होती. झोपून उठलो तर रिकामी. वायर तशीच बाजूला वाकलेली.

पिराजीनं बॅटरीवर हात ठेवला आणि काढून घेतला. मी ठेवून बघितला. उन्हाळ्याचे दिवस, वर तापलेला पत्रा, आणि बॅटरी पंचगंगेच्या तळातल्या दगडासारखी गार.

"तुमच्या गाडीला भूक लई हाय, आबा," पिराजी म्हणाला. पण या वेळी तो हसला नाही. पैसेही घेतले नाहीत.

३

त्याच दिवसांत दुपारच्या धारेला दूध कमी येऊ लागलं होतं. मी वैरण बदलली, पेंड बदलली. सकाळचं दूध नेहमीएवढं, दुपारचं निम्मं. बॅटरी आणि दूध यांचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. कुणाच्या येईल?

बॅटरीला कुणी चोरटा काहीतरी करत असणार, असं मी धरलं. म्हणून दुपारची झोप सोडली आणि गोठ्यात बाजलं टाकून बसलो.

दुपारचा गोठा म्हणजे रवंथीचा आवाज आणि शेपट्यांचा आवाज. पत्रा उन्हानं अधूनमधून वाजतो. सहाही म्हशी बसल्या होत्या. सगळ्यात पुढं मोना. नाव सुनेनं ठेवलेलं.

आधी रवंथ थांबली. सगळ्यांची एकदम.

मग मोना उठली. तिनं तोंड गाडीकडे केलं, कान पुढं केले आणि दाव्याला ताण दिला. तिच्यामागं दुसरी उठली, मग तिसरी. सहाही उभ्या राहिल्या, सहाही एकाच दिशेला. मी भिंतीवरून बघितलं. गाडीत कोणी नव्हतं. गाडीमागं कोणी नव्हतं. पत्रासुद्धा वाजायचा थांबला होता.

आणि टप् टप् असा आवाज येऊ लागला. मी खाली बघितलं. म्हशींच्या सडांतून दूध गळत होतं. फरशीवर पांढरे ओघळ.

ज्यांनी म्हस पाळली नाही त्यांना सांगतो. म्हस पान्हा सोडते तो रेडकासाठी, नाहीतर ओळखीच्या हातासाठी. परका माणूस तासभर सड ओढत बसला तरी थेंब देत नाही. रोज धार काढणारा मी, मलासुद्धा आधी पाठीवर थाप मारावी लागते, कासेवर पाणी मारावं लागतं. इथं कोणी हात लावला नव्हता, आणि सहाजणी एकदम पान्हावल्या होत्या.

मग त्या बसल्या. रवंथ सुरू झाली. मी गाडीपाशी गेलो. किल्ली फिरवली. टक्सुद्धा नाही.

४

मला ज्ञानूचा संशय आला.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मोटारसायकलीमागं पळवतात. मालक पुढं हॉर्न वाजवत जातो, म्हस मागून धावते. त्यासाठी तिला महिनोन्‌महिने शिकवावं लागतं, त्याच हॉर्नवर, त्याच आवाजावर. पलीकडच्या गल्लीतला ज्ञानू त्यात पटाईत. त्याच्या म्हशीचे व्हिडिओ पोरं मोबाइलवर बघतात. मी कधी म्हस पळवली नाही. म्हस दुधासाठी असते, तमाशासाठी नाही. पण आवाज ऐकल्यावर शिकलेली म्हस कशी उभी राहते, ते मला माहीत आहे. मोना तशीच उभी होती.

संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर ज्ञानू म्हस घेऊन उभा होता. तिथंच धार काढून गिऱ्हाईकाला दुधाचा पेला देत होता. मी सरळ विचारलं.

"माझी मोना तू शिकवतोयस का?"

"कोण मोना?"

"म्हस."

"आबा, तुमची म्हस माझ्यामागं पळाली तर मी तिच्या म्होरं कोकणात जाऊन थांबंन." गिऱ्हाईक हसलं. ज्ञानूनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेला खाली ठेवला. "काय झालं?"

मी सांगितलं. बॅटरीचं नाही. म्हशीचं.

दुसऱ्या दिवशी जेवून तो आला. बाजल्यावर बसून सुपारी कातरत माझी टर उडवत होता. रवंथ थांबली तसा त्यानं अडकित्ता खाली ठेवला. म्हशी उठल्या. तो उभा राहिला. त्यानं भिंतीपलीकडे बघितलं, पत्र्यावर बघितलं, कान दिले.

"शिकलेल्या हायत," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी शिकवल्यात. पण हॉर्न कुठाय?"

"करंटचा धक्का बसत असंल. भिंतीतनं, ओलीतनं."

"धक्का बसल्यावर म्हस पान्हा सोडती व्हय? मुततीया." तो वाकून मोनाचे डोळे बघत होता. "ही भ्यालेली न्हाय, आबा. मारून शिकवलेली म्हस डोळं पांढरं करती. हिचं बघा. रेडकू चाटताना असतात तसं हायत."

मी चपला काढून त्या ओल्या फरशीवर उभा राहिलो. धक्का लागला नाही. पायाखाली दूध होतं, कोमट.

जाताना ज्ञानू म्हणाला, "आपण जनावर शिकवतो ते पळवायला. हे कशासाठी शिकवतंय?"  पुन्हा त्यानं ती गोष्ट कट्ट्यावर काढली नाही, आणि माझी टरही उडवली नाही.

५

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाळ आडवं आहे. असंच राहिलं तर पोट फाडावं लागेल. तेजस्वीनं ते मला सांगितलं नाही. उदयसिंहनं सांगितलं.

एका दुपारी ती मागच्या दारात पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. स्टीलचं ताट पोटावर टेकवलेलं. मी बाजल्यावर. आम्ही फार बोलत नाही. सासरा-सुनेनं किती बोलावं?

रवंथ थांबली. मी म्हशींकडे बघू लागलो.

"आबा," ती म्हणाली, "ह्याच वेळंला हलतंय बघा रोज. घड्याळ लावल्यागत."

मी वळलो. ताट हलत होतं. तिचे हात बाजूला होते. ताट एका बाजूनं हळूहळू उचललं गेलं, आणि शेंगदाणे घरंगळले. सगळे एका अंगाला. ताटाच्या कडेवरून पायरीवर पडले, तेही एकाच बाजूला.

ती बाजू गाडीची होती.

"दुखतंय?" मी विचारलं.

"न्हाय. बरं वाटतंय." ती हसत होती. पहिल्या खेपेनंतर तिला तशी हसताना मी बघितली नव्हती. "कुणीतरी हाक मारली की वळून बघतंय, तसं वाटतंय."

मी शेंगदाणे वेचले.  

पुढच्या तपासणीत बाळ फिरलेलं होतं. डोकं खाली, जसं पाहिजे तसं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. उदयसिंहनं पेढे आणले. मी पेढा हातात धरून बसलो. आनंद मलाही झाला होता. पण म्हशी शिकल्या, तसं पोरही शिकत होतं, न जन्मलेलं. कुणाच्या मागं जायला?

६

मी बॅटरी काढली. गाडीतून उचलून घरात आणली आणि पुढच्या खोलीत माझ्या खाटेखाली ठेवली. गाडी रोज चालू करणं थांबलं, पण लागलीच तर दोन वायरी जोडायला कितीसा वेळ लागतो?

दुपारी गोठ्यात काहीच झालं नाही. म्हशी बसून राहिल्या. दुपारच्या धारेला दूध भरभरून आलं. बॅटरी भरलेलीच राहिली. मी जिंकलो, असं मला वाटलं. एवढं सोपं होतं. त्या संध्याकाळी कट्ट्यावर मी ज्ञानूला स्वतः होऊन हाक मारली.

दुसऱ्या दुपारी तेजस्वी मागच्या दारात उभी दिसली. चौकटीला धरून.

"आबा, कालपासनं हललं न्हाय."

तिचा आवाज अगदी साधा होता. पहिल्या खेपेलाही ती असंच म्हणाली होती, याच दारात. उदयसिंह कामावर. घरात मी आणि ती.

मी खाटेखालून बॅटरी ओढली आणि गाडीपाशी नेली. गाडी चालू करायची आणि दवाखाना गाठायचा, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं. वायरी जोडल्या, पान्यानं आवळल्या. किल्ली माझ्या खिशात होती.

गाडीतले दिवे लागले.

स्टेअरिंगमागचे, लाल, पिवळे, हिरवे, सगळे. लागले आणि वाढत गेले. गाडीच्या काचा आतून उजळल्या. भर उन्हात मला डोळे बारीक करावे लागले. भिंतीपलीकडं म्हशी उठल्याचा आवाज आला, सहाही दाव्यांचा ताण, आणि मग फरशीवर दुधाची धार. थेंब नाही. धार. मी बोनेटवर हात ठेवून उभा होतो. हाताखालून काहीतरी जात होतं, जसं कालव्याचं पाणी पाटात उतरताना बांधावर बसलेल्याला पायाखाली कळतं. भीती वाटायला हवी होती. अंबाबाईच्या गाभाऱ्यात गर्दीच्या रेट्यानं एकदम पुढं जावं आणि नजर वर करायचं धैर्य होऊ नये, तसं झालं.

दिवे मावळत गेले. एकेक करून विझले.

"हललं," मागून तेजस्वी म्हणाली. ती पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. "आबा, हललं."

बॅटरी मेली होती. मी तिला रिक्षानं दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके नीट होते.

७

मी दुसरी बॅटरी आणली. एक गाडीची, ती घरात भरून ठेवायची. एक त्याची, दुपारी जे येतं त्याची. ती मी रोज दुपारी जेवून आल्यावर स्वतःच्या हातानं जोडायचो आणि संध्याकाळी पिराजीकडे भरायला पाठवायचो.

"बॅटरी म्हणजे काय गुळाची ढेप हाय, दोन दोन आणायला?" उदयसिंह म्हणाला. "इकून टाकू ही गाडी. दुसरी बघू."

"गाडी हितंच राहणार."

"पण का?"

"तू कामाला जा."

काय सांगणार? माझी शाळा चौथीत सुटली. मला जे दिसलं ते मी सांगू शकतो. जे दिसलं नाही त्याला नाव ठेवणं मला जमत नाही. म्हशींना कळत होतं. पोराला कळत होतं. मला फक्त द्यायचं कळत होतं.

नववा महिना भरला आणि कळा आल्या त्या दुपारीच. त्याची बॅटरी नुकती रिकामी झाली होती. मी ती उतरवली, गाडीची चढवली, किल्ली फिरवली. एका किल्लीत चालू. वाटेत तेजस्वीनं मागून माझ्या खांद्याला इतकं घट्ट धरलं की वळ उठले. मी तिला हात काढ म्हटलं नाही.

मुलगी झाली. पोट फाडावं लागलं नाही. नर्सबाईनं आणून दाखवली तेव्हा ती रडत नव्हती. डोळे उघडे ठेवून खिडकीकडे बघत होती. खिडकीखाली गाड्या लावतात.

ती दवाखान्यात होती तोवर घरी मी बॅटरी जोडून ठेवायचो. भरलेलीच राहायची. म्हशी उठल्या नाहीत. संपलं असेल, असं वाटलं. असं वाटून मला बरं वाटायला हवं होतं. मी रिकाम्या गोठ्यात बसल्यासारखा बसून राहायचो, समोर सहा म्हशी असून.

८

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव अवंतिका. पाहुणे जेवून गेले, उदयसिंह त्यांना एसटीला सोडायला गेला. तेजस्वी दमून आत झोपली. त्याची बॅटरी मी जोडून आलो होतो. पोर जागी होती म्हणून तिला घेऊन मागच्या दारात बसलो. अंगाला दुपटं, डोक्याला टोपडं, हनुवटीखाली नाडी बांधलेली.

रवंथ थांबली.

म्हशी उठल्या, तोंडं गाडीकडे. गाडीतला दिवा लागलेला मला इथून दिसत होता. तो कमी होत गेला, कमी होत गेला आणि विझला.

मग भिंतीच्या अलीकडे आलं.

दिसलं काही नाही. पहिल्या म्हशीनं मान खाली केली आणि तिच्या कपाळावरचे केस दबले. कुणी तळहात ठेवून मागं सारावेत, तसे दबले, मागं गेले आणि सुटले. मग दुसरीचे. घाई नव्हती. जिच्यापाशी ते यायचं ती डोळे मिटायची आणि पुढं गेलं की उघडायची. मी पन्नास वर्षं म्हशींत काढली. माझ्या हाताखाली एकही म्हस कधी अशी उभी राहिली नाही.

तिसरी. चौथी. पाचवी. शेवटी मोना. मोनापाशी थोडं थांबलं.

मोनाच्या आणि माझ्या मधे पाण्याची बादली होती. तिच्यातलं पाणी इतकं स्थिर झालं की वरच्या पत्र्याचा खिळा खिळा त्यात दिसला.

दार माझ्या पाठीशीच होतं. उठून आत जाऊन कडी लावता आली असती. पोरीला छातीशी धरून मी एकदा तेवढं केलंही, म्हणजे गुडघा उचलला. मागं मी काढून खाटेखाली ठेवलेली ती भरलेली बॅटरी आठवली. ते दीड दिवस. पोटातलं ते गप्प राहणं.

मी खाली बघितलं. बारा दिवसांचं पोर मान धरत नाही. अवंतिकेनं धरली होती. माझ्या दंडावरून मान उचलून ती समोर बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती नव्हती.

गारवा माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. मग मांडीपर्यंत.

मी गुडघा खाली टेकवला. तिच्या हनुवटीखालची नाडी सोडली, टोपडं काढलं आणि कपाळ उघडं केलं.